रिपोर्ट नॉर्मल, पोट मात्र दुखतेच

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. चार महिन्यांपूर्वी मला उलट्या-जुलाबांचा मोठा त्रास झाला. आठवड्याभरात तो थांबला, परंतु त्यानंतर माझे पोट पूर्वपदावर आलेच नाही. जेवण झाले की पोट फुगते, बेंबीखाली कळा येतात, कधी दिवसातून चार वेळा शौचास जावे लागते, तर कधी दोन-दोन दिवस होतच नाही. रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी नॉर्मल आली. गेल्या आठवड्यात एंडोस्कोपी झाली. बायोप्सीचा, म्हणजे त्यात काढलेल्या तुकड्याचा, रिपोर्ट यायचा आहे, आणि कोलोनोस्कोपीची, म्हणजे मोठे आतडे दुर्बिणीतून पाहण्याच्या तपासणीची, तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली आहे. एका नातेवाइकांच्या सांगण्यावरून दीड महिन्यापासून मी गहू बंद केला. पुढे दूध, डाळी आणि कच्च्या भाज्याही सोडल्या. वजन तीन किलोंनी उतरले आहे. ॲसिडिटीची गोळी मी रोज स्वतःहूनच घेते. रात्री झोप लागत नाही, मग मोबाइलवर लक्षणे शोधत बसते आणि दर वेळी कर्करोगापाशी येऊन थांबते. घरचे म्हणतात, 'सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तू उगाच मनाला लावून घेतेस.' मला खरोखरच काही झालेले नाही का? आणि हे तीन आठवडे मी काढू तरी कसे?

उत्तर

सप्रेम नमस्कार. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्यानेच तुम्हाला जास्त पोखरले आहे असे पत्र वाचताना जाणवले. तुम्हाला त्रास होतो आहे, आणि तो खरा आहे. रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ एवढाच, की त्या तपासणीला जे दिसू शकते त्यात दोष आढळला नाही. सोनोग्राफीत यकृत, पित्ताशय, मूत्रपिंडे यांची ठेवण दिसते, खडे किंवा गाठी दिसतात. पण आतडी अन्न किती वेगाने पुढे ढकलतात, वायूने किंचित ताणली गेली तरी किती जोराने कळ पाठवतात, हे तिच्यात दिसत नाही. घड्याळाचे छायाचित्र कितीही स्पष्ट असले तरी ते मागे पडते की पुढे जाते हे त्यातून कळत नाही, तसेच हे आहे.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. तरीही एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असावी. आतड्यांची रचना शाबूत असूनही त्यांचे काम आणि त्यांची संवेदनशीलता बिघडते, अशा विकारांचा एक मोठा गट वैद्यकशास्त्रात मान्य आहे. 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम', म्हणजे आयबीएस, हा त्यांतला सर्वांत परिचित. 33 देशांतील 73 हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. इंटरनेटवरून उत्तरे देणाऱ्यांपैकी सुमारे 40 टक्के लोकांमध्ये या गटातला किमान एक विकार निकषांत बसत होता. जंतुसंसर्गाने झालेल्या उलट्या-जुलाबांनंतर साधारण दहांपैकी एकाला असा त्रास मागे राहतो, हेही अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. तुमच्या पत्राची सुरुवातच तशा आजारपणाने होते, म्हणून ती हकिकत डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. पुष्कळ रुग्ण आजच्या कळांबद्दल भरभरून बोलतात आणि ज्या आजारपणापासून सगळे सुरू झाले ते सांगायचेच विसरतात.

डॉक्टर अजून नाव का सांगत नाहीत, याचेही एक कारण यात आहे. आयबीएससाठी जगभर वापरले जाणारे 'रोम' निकष 2016 मध्ये सुधारण्यात आले. त्यांत गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोटदुखी असावी, तिचा संबंध शौचाला जाणे, शौचाच्या वेळांतील बदल आणि शौचाचे बदललेले स्वरूप यांपैकी किमान दोहोंशी असावा, आणि त्रासाला सुरुवात होऊन किमान सहा महिने झालेले असावेत, असे म्हटले आहे. लक्षणे स्पष्ट असतील तर डॉक्टर त्याआधीही निदान करतात. पण काही आजारांच्या बाबतीत काळ जाऊ देणे हाच तपासणीचा भाग असतो, हे लक्षात घेतले तर डॉक्टर टाळाटाळ करत आहेत असे वाटणे थोडे कमी होईल.

आता जे सांगणार आहे ते उद्यावर टाकू नका. तुमच्या पत्रातल्या तीन गोष्टी तुमच्या डॉक्टरांना माहीत आहेत का, याबद्दल मला शंका वाटते: बंद केलेला गहू, रोजची ॲसिडिटीची गोळी आणि उतरलेले वजन. या तिन्हींचा तुमच्या रिपोर्टांशी थेट संबंध आहे.

गव्हापासून सुरुवात करू. गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे काही जणांच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. त्या आजाराला सीलिॲक म्हणतात. त्याचे निदान रक्तातील प्रतिपिंडे (अँटिबॉडी) आणि एंडोस्कोपीत घेतलेला लहान आतड्याचा तुकडा यांवरून होते. अडचण अशी, की ग्लुटेन बंद केले की प्रतिपिंडे हळूहळू घटू लागतात आणि अस्तरही भरून येऊ लागते. म्हणजे ज्याला हा आजार खरोखर आहे, त्याचाही रिपोर्ट तपासणीआधी गहू सोडल्यामुळे नॉर्मल येऊ शकतो. तुम्ही दीड महिन्यापूर्वी गहू सोडला आणि एंडोस्कोपी गेल्या आठवड्यात झाली. तुम्हाला सीलिॲक आहे असे मी म्हणत नाही. पण तुकडा तपासणाऱ्यांना आणि तुमच्या डॉक्टरांना ही तारीख माहीत नसेल, तर रिपोर्टचा अर्थ चुकीचा लागण्याचा धोका आहे. आजच दवाखान्यात फोन करा, गहू कोणत्या तारखेपासून बंद आहे ते सांगा, आणि पुन्हा सुरू करायचा का, किती प्रमाणात आणि किती दिवस, हे त्यांनाच विचारा. स्वतःच्या मनाने आणखी काही सोडू नका आणि सोडलेले धरूही नका.

गोळीचेही तसेच आहे. जठरातील आम्ल कमी करणाऱ्या प्रभावी औषधांमुळे हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूची तपासणी चुकू शकते. जिवाणू असूनही तो सापडत नाही. म्हणूनच या तपासणीआधी अशी औषधे साधारण दोन आठवडे आणि प्रतिजैविके साधारण चार आठवडे थांबवायला सांगतात. तुमची गोळी नेमकी कोणती, ती किती दिवसांपासून चालू आहे आणि एंडोस्कोपीच्या दिवशी घेतली होती का, हे सांगा. सोबत इतर कोणतीही औषधे चालू असतील तर तीही सांगा, मग ती पोटाची नसली तरी. सांधेदुखी-डोकेदुखीच्या पुष्कळशा वेदनाशामक गोळ्या जठराला जखम करू शकतात, मधुमेहावरील मेटफॉर्मिनने जुलाब होऊ शकतात, लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते आणि शौचाचा रंग काळा होतो. अनेकांना ही औषधे सांगण्यासारखी वाटतच नाहीत.

वजनाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नीट जेवत असूनही वजन उतरणे हे डॉक्टर धोक्याचे लक्षण मानतात. तुम्ही मात्र चार प्रकारचे अन्न बंद केले आहे, तेव्हा वजन आजाराने उतरले की कमी खाण्याने, हे आता सांगणे अवघड होऊन बसले आहे. शिवाय कमी खाल्ल्याने थकवा येतो, थकव्याने झोप बिघडते, आणि मग तो थकवाही नव्या आजाराची खूण वाटू लागतो. काही पदार्थ काही काळ वगळून पाहण्याची एक शास्त्रीय पद्धत आहे. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात विकसित झालेला 'लो फॉडमॅप' आहार, म्हणजे आतड्यात आंबून वायू करणाऱ्या काही शर्करा कमी असलेला आहार, हे तिचे परिचित उदाहरण. त्यातही वगळण्याचा टप्पा दोन ते सहा आठवड्यांचाच असतो, आणि त्यानंतर एकेक गट पुन्हा खाऊन पाहायचा असतो. तोही आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, आणि आवश्यक तपासण्या उरकल्यावर. जो जे सांगेल ते सोडत जाणे म्हणजे पथ्य नव्हे. आज तुमच्या ताटात काय उरले आहे ते डॉक्टरांना सांगा आणि पोट भरेल असा आहार त्यांच्याकडून ठरवून घ्या.

बायोप्सीच्या रिपोर्टला उशीर होतो आहे म्हणजे काहीतरी वाईट सापडले असावे, असे तुम्हाला रात्री वाटत असणार. ते बहुतेकांना वाटते. त्या तुकड्याचे पुढे काय होते ते सांगते. तांदळाच्या दाण्याहूनही लहान असलेला तो तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, म्हणजे तो सडत नाही आणि घट्ट होतो. मग त्यातले पाणी टप्प्याटप्प्याने काढून त्याला मेणात बसवतात. मेणाच्या त्या ठोकळ्याचे काही मायक्रॉन जाडीचे, केसाहूनही कितीतरी पातळ असे काप काढतात, ते काचेवर घेतात, निळ्या-जांभळ्या आणि गुलाबी रंगांनी रंगवतात, आणि त्यानंतर पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहतात. एखादी गोष्ट नक्की करायची असेल तर वेगळ्या रंगाचे आणखी काप मागवतात. यात काही दिवस जातात, कधी त्याहून जास्त. उशिरावरून निकालाचा अंदाज बांधता येत नाही. रिपोर्ट कधीपर्यंत यायला हवा आणि तोपर्यंत आला नाही तर कोणाला विचारायचे, हे मात्र दवाखान्यातून विचारून घ्या. तारीख ठाऊक असली की फोन वाजला की दचकणे तरी कमी होते.

वाट पाहणे एवढे जड का जाते, यावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी केलेला एक प्रयोग 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहभागी झालेल्यांना हाताला विजेचा सौम्य पण दुखणारा झटका बसण्याची शक्यता कमी-जास्त ठेवली होती. ताण सर्वाधिक कधी होता, तर झटका नक्की बसणार असताना नव्हे, बसेल की नाही हे निम्मेनिम्मे असताना. तुम्ही सध्या नेमक्या त्याच जागी उभ्या आहात. त्यामुळे जीव टांगणीला लागला असेल तर त्यात तुमच्या मनाचा दुबळेपणा नाही. माणसाचे शरीर अनिश्चिततेला असेच उत्तर देते.

रात्रीच्या मोबाइलबद्दल मी थोडे कठोर बोलणार आहे. लक्षणे शोधल्याने अनिश्चितता कमी होईल अशी आशा असते, पण पोटफुगी आणि कळा ही लक्षणे शेकडो आजारांत आढळतात, आणि त्यांतला सर्वांत भीतीदायक आजारच आपल्या डोळ्यांत भरतो. दोन मिनिटे दिलासा मिळतो आणि लगेच नवा प्रश्न उभा राहतो, म्हणून पुन्हा शोधावे लागते. आजपासून झोपताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. काळजी करायचीच नाही असे मनाला बजावून उपयोग होत नाही, म्हणून तिला वेळ ठरवून द्या: संध्याकाळी अर्धा तास, कागद-पेन घेऊन, झोपण्याच्या कितीतरी आधी. रात्री विचार आला तर तो उद्याच्या अर्ध्या तासासाठी एका शब्दात टिपून ठेवा. त्या अर्ध्या तासात जे प्रश्न उरतील ते डॉक्टरांना विचारायच्या कागदावर जातील. जे प्रश्न कोणीच सोडवू शकत नाही, ते तिथेच राहू द्या. पहिल्या काही रात्री हे जमणार नाही. तरी करत राहा.

आता ताणाविषयी. 'तू उगाच मनाला लावून घेतेस' हे घरच्यांचे बोलणे चुकीचे आहे, पण पोटाचा आणि मनाचा संबंधच नाही असे म्हणणेही तितकेच चुकीचे ठरेल. 1822 मध्ये अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण त्याच्या जठराला बाहेरून दिसेल असे छिद्र कायमचे राहिले. विल्यम ब्युमाँट या लष्करी डॉक्टरांनी त्या छिद्रातून अनेक वर्षे पचनाची क्रिया पाहिली आणि 1833 मध्ये ती निरीक्षणे पुस्तकरूपाने मांडली. भीती आणि राग यांच्या वेळी जठराच्या आतल्या अस्तराचे रूप आणि पाचकरस बदलतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहून नोंदवले होते. आज आपल्याला माहीत आहे की आतड्यांच्या भिंतींत कोट्यवधी मज्जापेशींचे स्वतंत्र जाळे असते आणि पोट आणि मेंदू यांना जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूतून मेंदूकडे जाणारे संदेश मेंदूकडून येणाऱ्या संदेशांपेक्षा कितीतरी जास्त असतात. ताणाने कळ वाढते आणि कळेने ताण वाढतो. कळ यामुळे खोटी ठरत नाही. उलट, तिला आवरण्याची एक वाट आपल्याला मिळते.

ती वाट अगदी साधी आहे. दिवसातून दोनदा, आणि कळ सुरू होताच, उताणे पडून एक हात छातीवर आणि एक पोटावर ठेवा. नाकाने सावकाश श्वास घ्या. पोटावरचा हात वर यायला हवा, छातीवरचा जवळजवळ स्थिर राहायला हवा. श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा. पाच-दहा मिनिटे पुरतात. यामुळे आजार बरा होणार नाही, पण कळेच्या वेळी सगळे अंग आवळून धरण्याची जी सवय लागली आहे ती सुटू लागते. जेवणाच्या वेळा ठरलेल्या ठेवा आणि रोज थोडे चाला.

एक वही घाला, पण बेताने. दिवसातून एकदाच, रात्री झोपण्याच्या बऱ्याच आधी, पाच ओळी लिहा: काय आणि कधी खाल्ले, कळ कधी आली आणि किती वेळ राहिली, शौच किती वेळा आणि कसे झाले, झोप कशी लागली, पाळीचा कितवा दिवस आहे. शौचाचे वर्णन करायला संकोच वाटत असेल तर 'ब्रिस्टल स्टूल चार्ट' डॉक्टरांकडे असतो. त्यात कडक गोळ्यांपासून पूर्ण पातळ होईपर्यंत सात प्रकार चित्रांसह दिलेले आहेत. नुसता क्रमांक लिहिला तरी चालतो. दर तासाला पोटाचा अंदाज घेत राहू नका. ज्या अवयवाकडे सतत लक्ष असते तो अधिक दुखतो.

काही लक्षणे दिसली तर मात्र तीन आठवडे थांबायचे नाही. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काळे काही पडणे, डांबरासारखे काळे, चिकट शौच, शौचातून जास्त रक्त जाणे, अचानक सुरू झालेली आणि न थांबणारी तीव्र पोटदुखी, पोट कडक होणे, सतत उलट्या होऊन पाणीही न टिकणे, चक्कर येऊन पडणे, यांपैकी काहीही झाले तर लगेच रुग्णालयात जा. शौचात थोडे रक्त दिसणे, ताप राहणे, झोपेतून उठवणारी कळ किंवा जुलाब, गिळताना अडकणे, कावीळ, वजन आणखी उतरणे, यांपैकी काही दिसले तर तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा आणि तपासणी अलीकडे घेता येईल का ते विचारा. जवळच्या नात्यात कोणाला आतड्याचा कर्करोग, आतड्याचा दाह किंवा सीलिॲक झाला असेल तर तेही सांगा. ही लक्षणे मी तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहिलेली नाहीत. रात्रीच्या शोधातून जो प्रश्न सुटत नाही, की हे गंभीर आहे का, त्याचे वापरता येईल असे उत्तर यात आहे. यांतले काही नसेल तर ठरलेल्या तारखेपर्यंत थांबणे सुरक्षित आहे की नाही, हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारा आणि त्यांचे उत्तर लिहून ठेवा.

कोलोनोस्कोपीपूर्वी एक चौकशी करा: आतड्याला सूज असल्यास वाढणारे 'कॅलप्रोटेक्टिन' शौचाच्या नमुन्यात तपासले आहे का? तपासणीच्या तयारीचे औषध सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्या, कारण आतडे स्वच्छ नसेल तर तपासणी अर्धवट राहते आणि पुन्हा वाट पाहावी लागते.

घरच्यांशी बोलताना तुम्हाला पटवून द्यावे लागते आहे, आणि दुखणे सिद्ध करत बसणे हे दुखण्याहून थकवणारे असते. त्यांना एक उदाहरण सांगा. जठराच्या अल्सरचे खापर कित्येक दशके ताणावर आणि तिखट खाण्यावर फोडले जात होते. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी 1980 च्या दशकात त्यामागचा जिवाणू, म्हणजे वर सांगितलेला हेलिकोबॅक्टर पायलोरी, दाखवून दिला. मार्शल यांनी तर 1984 मध्ये तो जिवाणू स्वतः पिऊन जठराला सूज येते हे दाखवले. दोघांना 2005 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर असंख्य रुग्णांनी 'काळजी कमी करा' एवढेच ऐकले होते. घरच्यांनी तुमच्या आजाराचे नाव सांगावे अशी अपेक्षा नाही. त्यांच्याकडून नेमकी मदत मागा: रोज पोट कसे आहे असे विचारू नका, मी सांगेन तेव्हा ऐका, तपासणीच्या दिवशी सोबत या, कारण गुंगीचे औषध दिले तर मला एकटीला परतता येणार नाही, आणि डॉक्टर बोलतील तेव्हा लिहून घ्या, कारण भीतीत निम्मे ऐकूच येत नाही.

कोलोनोस्कोपीही नॉर्मल आली तर तुम्हाला हायसे वाटेल आणि त्याच क्षणी रडूही येईल, कारण नाव पुन्हा मिळाले नाही असे वाटेल. त्या भेटीत 'काही नाही' हे उत्तर घेऊन उठू नका. त्रास कशामुळे होत असावा असे त्यांना वाटते, आता उपचार कोणते सुरू करायचे, ते किती आठवड्यांत परिणाम दाखवतील आणि नाही दाखवले तर पुढे काय, हे चार प्रश्न विचारा. रचना शाबूत असूनही काम बिघडते अशा, म्हणजे कार्यात्मक, विकारांवर उपचार आहेत: कळ कमी करणारी आणि शौच सुधारणारी औषधे आहेत, अल्प मात्रेत दिली जाणारी काही मानसोपचारातील औषधे आतड्याची संवेदना शांत करतात, वर्तन-विचार उपचार आहेत, आणि आतड्यांवर केंद्रित संमोहनोपचाराचा उपयोग मँचेस्टरमधील डॉक्टरांनी 1984 मध्येच दाखवला होता. मानसोपचारातील औषध सुचवले म्हणजे डॉक्टरही 'मनाचेच' म्हणत आहेत, असा अर्थ लावू नका. मेंदूत आणि आतड्यांत सेरोटोनिनसारखी तीच रसायने काम करतात.

आणि या तीन आठवड्यांत जगण्यात अर्थ नाही असे विचार येऊ लागले, तर तेही पोटदुखीइतकेच सरळपणे डॉक्टरांना आणि घरातल्या एका माणसाला त्याच दिवशी सांगा. पहिला फोन मात्र आजच करा, गव्हाच्या तारखेसाठी.